मागे ठेवलेली मेंढी

आमच्या मेंढ्याला घरात सगळे जावई म्हणतात. हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं. वर्षभर बसून खायचं, मका-पेंडीची सरबराई करून घ्यायची, जरा मनाविरुद्ध झालं की शिंगं रोखायची, आणि काम म्हणाल तर वर्षातून जेमतेम दीड महिना. मी तेव्हा नवऱ्याला म्हटलं होतं, निदान तो बाकीचे दिवस डोळ्यांसमोर तरी असतो. त्यावर नवरा हसला आणि बॅग भरायला लागला. तो जहाजावर स्वयंपाकी आहे. तिथे चाळीस माणसांना तीन वेळा जेवू घालतो, आणि घरी आला की मीठ कुठे आहे म्हणून मला हाका मारतो.

जावयाला मेंढ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. नाहीतर कोकरं वाटेल तेव्हा जन्मतात, आणि त्याच्या स्वतःच्या लेकी त्याच्यासमोर वयात येतात, ते तर मुळीच चालत नाही. पण एकट्या मेंढ्याचं डोकं फिरतं. म्हणून त्याच्या कुंपणात सोबतीला एक खच्ची केलेला मेंढा असतो. त्याचं नाव ब्रह्मचारी. हे नाव सासूबाईंनी ठेवलंय आणि त्या ते जराही न हसता उच्चारतात.

वेळ आली की जावयाचे खूर कापायचे, पोटाखालची लोकर काढायची, तेलात कालवलेला गेरू छातीला फासायचा आणि फाटक उघडायचं. सकाळी ज्या मेंढीच्या पाठीवर लाल डाग, तिचं काम झालं. अडीच आठवड्यांनी रंग बदलून निळा लावायचा. लाल पाठीवर पुन्हा निळं दिसलं, तर ती पहिल्या खेपेला गाभण राहिली नाही, असं समजायचं. मग जावई परत आपल्या कुंपणात. पाच महिन्यांनी सगळ्या मेंढ्या पाठोपाठ वितात, आणि तेवढे दिवस घरात कुणाला धड जेवायला सवड नसते.

माझ्या नवऱ्याचा जीव त्या दिवसांत अडकलेला. अडलेलं कोकरू सोडवायला त्याच्यासारखा हात नाही. बाह्या कोपरापर्यंत ओल्या करून, अंगाला तो वास घेऊन तो स्वयंपाकघरात यायचा, मी ओरडायचे, आणि तो त्याच हाताने चहाचा कप उचलायचा. गेली तीन वर्षं त्याची सुट्टी आणि मेंढ्यांचं विणं यांची गाठच पडली नाही. तो येईपर्यंत कोकरं गवत खायला लागलेली असत, आणि परका माणूस बघून पळत.

यंदा जावयाला सोडायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. मागे पातेल्यांचा खणखणाट चालू होता. सुट्टी यंदाही विणं आटोपल्यावर महिन्याभराने मिळणार, असं त्याने सांगितलं. मग हसत म्हणाला, "सगळ्या उरकून टाकू नका. एक तरी माझ्यासाठी ठेव."

तो गंमत करत होता. मी नव्हते करत.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं तेव्हा मी बुटकीला मागे ठेवलं. बुटकीची आई ती जन्मताच गेली होती. नवऱ्याने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं, स्वतःचा स्वेटर तिच्या अंगाखाली घातला, आणि थंडीभर स्वतः कुडकुडत फिरला. हिशोब सोपा होता. बाकीच्यांचं उरकल्यावर महिन्याभराने हिला जावयाकडे न्यायची, म्हणजे ही बाकीच्यांनंतर महिन्याभराने विणार, आणि तेव्हा तो घरी असणार. सासूबाईंना मी सांगितलं की जावई गेल्यावर ब्रह्मचाऱ्याला एकट्याला करमणार नाही, म्हणून बुटकी त्याच्यासोबत राहू दे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ब्रह्मचाऱ्यापुढे चारा टाकला. सासूबाई बोलत नाहीत तेव्हा मला जास्त धाकधूक होते.

बुटकी माजावर आली की कुंपणाला अंग घासत उभी राहायची. चारा तसाच, शेपटी सारखी हलतेय, आणि पलीकडून जावई वरचा ओठ मुडपून फळ्यांवर धडका देतोय. एक फळी निघाली, ती मी खिळे मारून पक्की केली. दोन जिवांच्या मधे हातोडी घेऊन उभी राहिलेली मी, मलाच माझी लाज वाटली. तरी मी बुटकीवरच डाफरले. म्हटलं, थोडं थांब, मी थांबलेय ना? ब्रह्मचारी मधे बसून शांतपणे रवंथ करत होता.

दीड महिना झाला. जावई त्याच्या कुंपणात परतला आणि बुटकीला मी बाकीच्या मेंढ्यांत सोडलं. सुट्टीची तारीख पक्की झाली की तिला त्याच्याकडे न्यायचं, एवढंच उरलं होतं. तारीख मात्र पक्की होईना. आधी तो म्हणाला तीन आठवडे पुढे गेली. मग म्हणाला अजून काही कळवलं नाही. मग फोन तुटक व्हायला लागले. तू कशी आहेस, आई कशी आहे, जावई काय म्हणतो, आणि ठेवतो आता. मला तो हवा होता. उगाच शब्द कशाला फिरवायचे. रात्री उशीवर, सकाळी नळापाशी, दुपारी ताटासमोर, सगळीकडे तो हवा होता. माझ्या जिभेवर एवढं ओरडणं साचलं होतं, आणि ज्याच्यावर ओरडायचं तोच घरात नव्हता.

सासूबाईंनी जेवताना विषय काढला. मेंढ्यांचा हंगाम संपत आला, आता बुटकी एकदा माजावर येईल, फार तर दोनदा, मग वर्षभर नाही. आणि उशिरा जन्मलेलं कोकरू वाळल्या गवताच्या दिवसांत सापडतं, आईला दूध उतरत नाही. हे सगळं मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. शेवटी त्या म्हणाल्या की रिकामी मेंढी त्या वर्षभर पोसणार नाहीत, बाजार दाखवतील. मी म्हटलं, थोडे दिवस थांबा. त्यांनी ताट उचललं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी पेंड आणायला गेले होते. दुपारी परत आले तर बुटकी जावयाच्या कुंपणात, आणि तिच्या पाठीवर हिरवा डाग. हिरवा रंग यंदा आम्ही उघडलाच नव्हता, गेल्या वर्षीचा डबा फळीवर पडून होता. सासूबाई नळाखाली हात धूत होत्या. नखांत हिरवं अडकलं होतं.

"आई, हिला कुणी आत नेलं?"

"मी."

"मला विचारायचं तरी."

त्यांनी पदराला हात पुसले. पुसायला फार वेळ लावला. "तो येत नाहीये. जहाजावरचं पुढचंही काम घेतलंय त्याने. मला परवा बोलला. तुला सांगायला त्याची जीभ रेटेना, मला म्हणाला, तू सांग. माझीही रेटली नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्यावर, सासूबाईंवर, मुकाट चारा खात असलेल्या बुटकीवरसुद्धा. मला सांगायला जीभ नाही आणि मेंढीला रंग लागेपर्यंत सगळं उरकायला हात आहेत, असं मी तोंडावर बोलले. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं.

"मेंढी कुणाची वाट बघत नाही गं," त्या म्हणाल्या. "वाट तू बघतेस. मी बघते. तिला कशाला त्यात ओढायचं?"

मग त्या उपड्या बादलीवर बसल्या, आणि बसताना त्यांनी मांडी धरली. जावयाने धडक दिली होती. त्याच्याकडे कधी पाठ करायची नाही, हे या घरात मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि आज बुटकीमागे फाटक लावताना त्यांचीच पाठ झाली. मी तेल गरम करून आणलं. मांडीवर ताटलीएवढा काळानिळा डाग होता. मी चोळत होते, त्या दुसरीकडे बघत होत्या, आणि आम्ही दोघीही त्याचं नाव न काढता त्याच्यासाठीच रडत होतो.

बाकीच्या मेंढ्या वेळेवर व्याल्या. त्यांची कोकरं उड्या मारायला लागली, गवत पिवळं पडलं, आणि मग एका सकाळी बुटकी कोपऱ्यात जाऊन पाय आपटायला लागली. कोकराचा एक पाय आत मुडपलेला होता. सासूबाईंनी डोकं धरलं, मी बाह्या ओल्या केल्या. हात आत घातल्यावर मला नवऱ्याचं बोलणं आठवलं, की ओढायचं नाही, आधी आत ढकलायचं, खूर मुठीत झाकून घ्यायचा, मग पाय सरळ करायचा. तसंच केलं. कोकरू आलं. मादी होती, आईसारखीच आखूड पायांची.

मी हात तसेच घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि चहाचा कप उचलला. ओरडायला कुणी नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. मी त्याला सांगितलं, बुटकी व्याली, मादी आहे, पाय मुडपला होता, पण निघालं. खिडकीतून कोकरू दिसत होतं, उठत होतं, पडत होतं, पुन्हा उठत होतं. तो येईल तोवर ही मोठी झालेली असेल. हिच्या बहिणी वयात येतील म्हणून तोवर जावयालाही बदलावं लागेल, नवा मेंढा आणावा लागेल. दारात त्याला ओळखणारी एक बुटकी तेवढी उरेल, आणि आम्ही दोघी.

"हे माझ्यासाठी ठेवलं होतंस का?" त्याने विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

"ठेवलं होतं," मी म्हटलं. "ते थांबलं नाही. मी थांबलेय."