बरणीतलं हाड

"स्वल्प सरका हो अक्का, माझ्या पायावरच उभ्या आहात. हाड काय तुम्हा एकट्यालाच बघायचंय?"

दारातली ही कुरकुर मनस्विनीला स्वयंपाकघरात ऐकू आली. बंगळुरात येलहंक्यातल्या त्या घराच्या हॉलमध्ये इतकी माणसं दाटली होती, की चपलांचा ढीग उंबऱ्यावरची रांगोळी पुसून आत आला होता. मधोमध पाटावर गुंडोबुवा, पुढ्यात चिनीमातीची बरणी, आणि पाठीमागच्या भिंतीवर उल्काचा फोटो.

उल्का ही रविकिरणची, म्हणजे मनस्विनीच्या नवऱ्याची, थोरली बहीण. विशी गाठायच्या आतच गेली. नागपूरहून लग्न करून आलेल्या मनस्विनीने तिला फक्त त्या फोटोत पाहिलेलं. ओठ घट्ट मिटून हसणारी, डोळ्यांच्या पांढऱ्यात निळसर झाक असलेली मुलगी. घरात तिचं नाव कुणी काढत नसे, आणि फोटोचा हार मात्र कधी सुकू देत नसत.

आता तेच डोळे मनस्विनीच्या लेकीला, शाल्मलीला होते. तेच मिटलेले ओठ. आठ वर्षांची पोर, पण हाडं अशी की पलंगावरून उतरताना पाय मोडला. त्याआधी हात, त्याआधी खांदा. आजी गोदूबाई, रविकिरणची आई, तिला रोज दह्यात चुना कालवून भरवायच्या, बकऱ्याच्या पायाचं सूप पाजायच्या. हाड जुळायचं आणि दुसरीकडे मोडायचं. दवाखान्यात रक्ताची तपासणी करा म्हणाले, की घरी येईपर्यंत तो विषय कुठेतरी सांडलेला असायचा.

म्हणून गुंडोबुवा आले होते. एकेकाळी बोम्मसंद्र्याला धातूवर मुलामा चढवायच्या कारखान्यात कामाला होते. तिथेच म्हणे साक्षात्कार झाला. मागच्या शुक्रवारी त्यांनी गोदूबाईंच्याच स्वयंपाकातलं कोंबडीच्या तंगडीचं हाड मागून घेतलं, टणक आहे म्हणून सगळ्यांना वाजवून दाखवलं, बरणीत टाकलं, स्वतः आणलेलं तीर्थ ओतलं आणि उल्काच्या फोटोखाली ठेवून दिलं.

आज झाकण निघालं. धूप आणि कापराच्या धुरात बुवांनी हाड चिमटीत धरून वर काढलं, आणि वाकवलं. हाड वाकलं. दोरीसारखं वळलं. मागून एक बाई रडायला लागली.

"नोडी, नोडी, बघा," बुवा म्हणाले. "बाहेरून दात नाही लागला, ओरखडा नाही, आणि आतलं सत्त्व गेलं. उल्का चोखतेय. आधी हे हाड, मग पोरीची हाडं. का, तर तिला देह पाहिजे. ती येतेय, अक्का. अर्धी आली आहे."

मग त्यांनी उपाय सांगितला. पुढच्या शुक्रवारी पायाचं प्लास्टर कापायचं, पोरीला उभं करायचं आणि अंगणातल्या कडुनिंबाभोवती चालवायचं. ती किंचाळली तर ते किंचाळणं उल्काचं समजायचं, थांबायचं नाही.

"सरी, तसंच करू," गोदूबाई म्हणाल्या. रविकिरण खाली बघत राहिला.

मनस्विनीला स्वतःचीच लाज वाटत होती. दोनच दिवसांपूर्वी दुपारी ती लेकीची वेणी घालत होती. आरशात पोर ओठ मिटून हसली, आणि आईचा हात केसांतून आपोआप मागे आला. पोरीला ते कळलं. तिने आरशातूनच विचारलं, "आई, मी उल्काआत्या आहे का?"

बुवा गेल्यावर त्याच शुक्रवारी संध्याकाळी हा प्रश्न घेऊन मनस्विनी वरच्या मजल्यावर गेली. तिथे शलाका नावाची पुण्याची दातांची डॉक्टर भाड्याने राहत असे. शलाकाने सगळं ऐकलं, आणि भुताबद्दल एक अक्षरही न बोलता विचारलं, की पोर ओठ मिटून का हसते. मनस्विनी म्हणाली, दात चांगले नाहीत तिचे. राखाडी, काचेसारखे. कडा झिजल्यात. शाळेत चिडवतात.

"म्हणजे लाजते," शलाका म्हणाली. "भूत लाजत नाही गं, मुलगी लाजते."

त्या रात्रीच्या जेवणातली कोंबडीची दोन हाडं शलाकाने धुऊन घेतली. एक तिने काचेच्या बरणीत टाकून वर किराणा दुकानातलं व्हिनेगर ओतलं. दुसरं गॅसवर धरून पांढरं होईपर्यंत भाजलं. घरभर केस जळाल्यासारखा वास सुटला.

पुढचा शुक्रवार आला. हॉल पुन्हा भरला. शाल्मलीला खुर्चीत आणून बसवलं. बुवांनी प्लास्टर कापायची कात्री कुंकवाने माखली, तेव्हा मनस्विनी पोरीच्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. मागून शलाका बरणी घेऊन आली.

"बुवा, माझ्याकडेही उल्का आलीय," ती म्हणाली, आणि आपलं हाड काढून वाकवलं. तेही दोरीसारखं वळलं. "पण मी तिला किराणा दुकानातून आणली."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बुवांनी डॉक्टरीणबाईंच्या शिक्षणाची, पायजम्याची आणि पुण्याची यथेच्छ टर उडवली. शलाकाने तेवढ्यात बुवांच्या बरणीचं झाकण उचलून गोदूबाईंच्या नाकाजवळ नेलं. कापराखाली नाकाला झोंबणारा आंबूस दर्प होता. कारखान्यात धातू धुवायला आम्ल लागतं, ते बुवांना चांगलं माहीत असणार, एवढंच ती म्हणाली.

मग ती गोदूबाईंशीच बोलली, सावकाश. हाड दोन गोष्टींचं असतं. एक प्रथिनाचे धागे, आणि दुसरा त्या धाग्यांवर बसलेला चुना. समोरच्या इमारतीचा स्लॅब टाकतायत ना, तसं. आत सळ्या, वर सिमेंट. आम्लाने चुना विरघळतो, धागे राहतात, म्हणून हाड वाकतं. तुमचं सूप फ्रिजमध्ये थरथरतं ना, ते त्याच धाग्यांचं. आणि धागे जाळून टाकले तर?

तिने भाजलेलं हाड गोदूबाईंच्या तळहातावर ठेवलं आणि बोटाने दाबलं. त्याचा चुरा झाला.

"आता मला सांगा आजी. शाल्मलीचा पाय वाकला होता, की मोडला?"

"मोडला," गोदूबाई हळूच म्हणाल्या.

"म्हणजे कुणी काही चोखलेलं नाही. चुना चोखला असता तर पाय वाकला असता; मोडायला बुवांच्या भुतालाही उलटं काम करावं लागलं असतं. हिचा चुना भरपूर आहे, हिचे धागेच जन्मतः नीट विणलेले नाहीत. दातांच्या आतही तेच धागे, म्हणून दात असे. त्याच धाग्यांमुळे डोळ्यांचा पांढरा भाग पातळ, म्हणून निळा. हा आजार आहे. त्याला नाव आहे, औषधं आहेत, हाडाला आतून आधार देता येतो. आज हिला चालवलंत तर पाय पुन्हा मोडेल, आणि किंचाळेल ती शाल्मलीच. कुणाचं ऐकायचं ते ठरवा, पण आधी हातातलं हाड बघून ठरवा."

बुवा बरणी उचलून निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही, कुणी पोचवायलाही गेलं नाही. माणसं मात्र जागची हलेनात. भिंतीवरची उल्का तशीच, ओठ मिटून, सगळ्यांकडे बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोक तिच्याकडे नीट बघत होते.

"हे रक्तातून येतं," शलाका म्हणाली. "घरात आणखी कुणाला होतं?"

गोदूबाई तळहातावरची पूड पदराला पुसत राहिल्या. पुसून संपली तरी पुसत राहिल्या. मनस्विनीने नवऱ्याकडे पाहिलं. रविकिरणने चष्मा काढला. तो खुर्चीजवळ गुडघे टेकून बसला, तोंडाशी हात नेला आणि पुढच्या दातांवरची, मनस्विनीसमोरही कधी न काढलेली कवळी काढून हातात घेतली. खाली राखाडी, झिजलेले खुंट होते. शाल्मली वाकून बघत राहिली, मग तिने बोटाने त्यातल्या एकाला हळूच स्पर्श केला.

"उल्का कुठून आलेली नाही, राणी," तो बोबड्या शब्दांत म्हणाला. "तिलाही हेच होतं. मलाही हेच आहे, थोडं कमी. तुला ते माझ्याकडून आलंय."