चौथा मणका

मी एक जुना हाडमाप्या आहे. हे काही माझं कागदोपत्री नाव नाही. कागदावरचं नाव लांबलचक आहे आणि ते वाचताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. माणसाला माझ्या गादीवर झोपवायचं, वरून माझा हात हळूहळू सरकवायचा, आणि त्याची हाडं किती भरीव आहेत नि किती पोकळ झाली आहेत ते आकड्यात सांगायचं, एवढंच माझं काम. मित्रांनो, सध्या मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत पडून असतो. अंगावर चादर आहे, चादरीवर हातमोज्यांची खोकी आहेत. इथे वेळच वेळ आहे, आणि रिकाम्या वेळी मन जिथे जायचं तिथेच जातं. माझं मन एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे जातं.

पण आधी माझे चांगले दिवस सांगतो, म्हणजे मी किती फुगलो होतो ते तुम्हाला कळेल. मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे मला शेकडो वेळा तपासलं आणि लाकडी पेटीत घालून इथे पाठवलं. इथे मला चालवायला एक गृहस्थ होते. दिवसभर ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "झोपा. हलू नका. झालं, उठा." त्यावरून त्यांना सगळे झोपाकाका म्हणत. घरी पाहुणे आले तरी आपल्या तोंडून आधी 'झोपा'च निघतं, असं ते स्वतःच सांगत आणि हसत.

रोज सकाळी झोपाकाका माझ्या गादीवर प्लास्टिकचा एक खोटा मणका ठेवत. त्याचं माप आधीच ठाऊक असे. मी ते बरोबर सांगितलं की मग खऱ्या माणसांची पाळी. मी एकदाही चुकलो नाही. एका निवृत्त पोस्टमनकाकांना हाडांची गोळी लागू पडत नव्हती. माझ्या आकड्यांवरून ते ध्यानात आलं, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं, आणि दोन वर्षांनी त्यांचा आकडा सावरला. त्यांनी माझ्या गादीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाबास रे गड्या." तेव्हापासून माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. मी म्हणेन तेच खरं, असं मला वाटू लागलं.

आणि मग त्या शिवणमावशी आल्या. बाजारपेठेत त्यांचं कपडे शिवायचं लहानसं दुकान होतं. पायरीवरून पाय घसरला आणि एवढ्याशा पडण्याने त्यांचं मनगट मोडलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना माझ्याकडे धाडलं होतं. दुकानातून त्या तशाच आल्या होत्या. कोट काढून खुंटीला लावला. आत कामाचा सुती एप्रन होता, तो अंगावरच राहिला. बाहेर सात माणसं खोळंबली होती.

"किल्ल्या, नाणी काही असेल तर काढून ठेवा," झोपाकाका म्हणाले.

त्यांनी बाजूच्या खिशातून किल्ल्या काढल्या आणि झोपल्या. माझा हात त्यांच्या कमरेवरून सरकू लागला. पहिला मणका पोकळ, दुसरा पोकळ, तिसराही तसाच. चौथा मात्र दगडासारखा भरीव. मित्रांनो, खरं सांगतो, मला ते खटकलं होतं. तीन भावंडं अशक्त आणि चौथा पहिलवान, असं कुठे असतं का? चित्रात त्या मणक्यावर एक पांढरा गोल ठिपकाही उमटला होता. पण झोपाकाका घाईत होते आणि मी तोऱ्यात होतो. चौघांची मी सरासरी काढली आणि आकडा देऊन मोकळा झालो.

हाडं ठिसूळ आहेत हे त्या आकड्यावरूनही दिसतच होतं. मावशींना आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली.

दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी सोबत त्यांची लेक होती. ती शाळेत शिकवायची. मावशींनी एप्रन नव्हता घातला. मी मोजलं. आकडा आधीपेक्षा कमी आला, आणि मी तो लाल अक्षरात छापला. खुब्याचं हाड मी दर वेळी वेगळं मोजतो; त्याचा आकडा किंचित वाढला होता, पण लाल अक्षरं दिसल्यावर तिकडे कोण बघतो?

डॉक्टरीणबाईंची खोली माझ्या शेजारीच होती आणि मधलं दार नावापुरतं. मला सगळं ऐकू येई.

"मावशी, गोळी कशी घेता?" त्यांनी विचारलं.

"दर सोमवारी. दुकान बंद असतं ना, म्हणून. उठल्या उठल्या, अनशा पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास ताठ बसून राहते. चहा नाही, काही नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

"एखादा सोमवार चुकला?"

"एकही नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर पुन्हा नजर टाकली. मग म्हणाल्या, "अशी घेऊनही हाडं कमी होत असतील तर ही गोळी तुम्हाला लागू पडत नाही. मग औषध बदलावं लागेल. दुसरं औषध म्हणजे रोज पोटात टोचून घ्यायचं इंजेक्शन. आधी रक्त तपासू आणि महिनाभराने ठरवू. तोवर गोळी चालू ठेवा."

बाहेरच्या बाकावर आल्याबरोबर लेकीने आवाज चढवला. "आई, खरं सांग. गोळ्या कुठे टाकल्यास?"

"अगं, घेतल्या मी."

"मग आकडा खोटं बोलतोय का?"

 मी आत शरमेने गार पडलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं होतं. त्या बाईंनी शंभराहून जास्त सोमवार इमानाने पाळले होते आणि माझ्या एका आकड्याने त्यांना पोटच्या मुलीसमोर खोटं पाडलं. मला चौथा मणका आठवत होता. पण मला सांगता येत नव्हतं. जे विचारतील तेवढंच मी सांगतो, आणि विचारलं कुणीच नाही.

महिन्याने त्या दोघी आल्या. इंजेक्शन त्याच दिवशी सुरू व्हायचं होतं. मावशी वाळल्या होत्या. डॉक्टरांकडे जायच्या आधी त्या एकट्याच माझ्या खोलीत शिरल्या.

"भाऊ, एक विचारू?" त्या झोपाकाकांना म्हणाल्या. "गेले चार सोमवार लेक मला समोर उभं करून गोळी देते. मग म्हणते, तोंड उघड, जीभ वर कर. वर्गातल्या पोरांचे खिसे तपासते, तशी माझं तोंड तपासते. मी ऐकून घेते. पण मला काही ते पटत नाही."

"काय पटत नाही, मावशी?"

"चाळीस वर्षं मापं घेतेय मी. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, मी बारीक झालो. मी जुनं माप काढून बघते. कितीदा तरी ते बारीक झालेलंच नसतं. पहिलं माप जाड स्वेटरवरून घेतलेलं असतं. माझं पहिलं माप कशावरून घेतलं होतं, ते दाखवाल? दोन्ही शेजारी शेजारी."

 झोपाकाकांनी दोन्ही चित्रं पडद्यावर काढली. मावशींनी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. चौथ्या मणक्यावरच्या पांढऱ्या गोल ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं. ठिपक्याच्या मधोमध बारीकसं भोक होतं.

"ही माझी बॉबिन आहे," त्या म्हणाल्या. "शिलाई मशीनची, दोरा गुंडाळायची लोखंडी. त्या दिवशी अर्धा दिवस शोधत होते मी. रात्री एप्रनच्या पोटावरच्या खिशात सापडली. काखेत कळसा नि गावाला वळसा."

झोपाकाकांनी चित्र मोठं करून पाहिलं. "मावशी, मीच तपासायला हवं होतं. चूक माझी आहे," ते म्हणाले. ते एकटेच बोलले, पण चूक आम्हा दोघांची होती. बॉबिनला मी हाड समजलो होतो.

डॉक्टरीणबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी चौथा मणका दोन्ही मापांतून वगळला आणि उरलेल्या तिघांची सरासरी नव्याने काढायला लावली. पहिला आकडा धपकन खाली आला. दुसरा त्याच्यापेक्षा वर होता. खुब्याचा आकडाही त्यांनी आता नीट वाचला.

"गोळी लागू पडली आहे," त्या म्हणाल्या. "हाडं वाढली आहेत. रक्तही तेच सांगतंय. गरज असते तेव्हा औषध बदलावंच लागतं, पण तुम्हाला आज गरज नाही. तुम्ही सगळं बरोबर केलं होतं, मावशी. मीही चित्र उघडून बघायला हवं होतं."

लेक दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.  तिने दोनदा ओठ उघडले आणि दोनदा मिटले. मावशी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तोंड उघड," त्या म्हणाल्या. "जीभ वर कर. 'चुकले' हा शब्द खाली लपवलायस का, बघू दे."

लेक हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती कितीतरी वेळ तो शब्द म्हणत राहिली.

त्यानंतर मी आणखी सहा वर्षं काम केलं. झोपाकाका प्रत्येकाचे सगळे खिसे तपासत, चित्र आधी बघत आणि आकडा मागून. मग नवं यंत्र आलं नि मी मागच्या खोलीत आलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी अशा गादीवर झोपणार असेल तर तेवढे खिसे बघा. आणि आकडा वाईट आला तर संशय आधी मापावर घ्या, माणसावर मागून.

त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांनी आपापली चूक कबूल केली. माझीच तेवढी राहिली, कारण मला जीभ नाही. मावशी कोट घालून निघाल्या तेव्हा जाता जाता त्यांनी माझी गादी हाताने सारखी केली. त्या बाईंना मी खोटं पाडलं होतं. मावशी, मी चुकलो.