छापलंय ते आणि माझं मत

एकाहत्तरच्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली आणि कडेगावच्या अलीकडच्या फाट्यावर, धोंडुबाईच्या हॉटेलात बसणारे सगळे बाप्ये आठवड्याभरात सिनेमातले हिरो झाले. ज्याच्या त्याच्या नाकावर काळा चष्मा. कराडच्या बाजारातले चष्मे संपले तेव्हा भाऊसो गवंडी सांगलीच्या कारखान्यातल्या मेव्हण्याकडून वेल्डिंगचा चष्मा घेऊन आला आणि तो लावून बाकावर असा बसला, की एसटीतून उतरणाऱ्या बायका दचकून पदर सावरू लागल्या. हातात प्रत्येकाच्या हळदीत भिजवलेलं फडकं. पाणी पुसायचं, चहा प्यायचा, पुन्हा पुसायचं. डोळे सुजून टोमॅटो झालेले, पण हॉटेल काही सुटत नव्हतं.

हॉटेल म्हणजे तरी काय, पत्र्याचं छप्पर, दोन बाकं आणि एक चूल. धोंडुबाईचा नवरा पलटणीत, वर्षाला एकदा सुट्टीवर यायचा. थोरला मुलगा मानसिंग सांगलीच्या तालमीत. बाईचा बाप नावाजलेला वस्ताद. लहानपणी तालमीच्या भिंतीला पाठ लावून बसून तिने सगळे डाव कानांनी पाठ केले होते. आत कोण कुणाला कशावर मारतोय हे ती धप्प आवाजावरून सांगायची. बाईमाणसाने आखाड्यात पाऊल टाकायचं नाही, म्हणून जन्मात कुस्त्यांचं एक मैदान तिने पाहिलं नव्हतं; पण मत मात्र शंभर मैदानं पाहिलेल्यांपेक्षा पक्कं.

पेपर दहाच्या कराड गाडीने यायचा. साथीच्या आधी तो वाचून दाखवायचा मान लालासाहेबांचा. बागाईतदार माणूस, आवाज खणखणीत, चुलीपुढच्या पाटावर वाचायला बसला की पेपर दोन्ही हातांनी ताणून धरणार. खोड एकच. लालासाहेबांच्या वाचनात आपल्या भागाचा पैलवान कधी हरलाच नाही. फार तर "बरोबरीत सुटली." खरा निकाल धोंडुबाईला आठ दिवसांनी सापडायचा, भजी बांधायच्या रद्दीत. तेलाच्या डागाखाली लिहिलेलं असायचं, की आपला गडी तिसऱ्या मिनिटाला अस्मान बघून आला.  ती कागद चुलीत सारायची आणि मनात म्हणायची, लाज कशी वाटत न्हाई.

लालासाहेबांचेही डोळे आले आणि पेपर तसाच घडीत पडला. कुणालाच अक्षर दिसेना. बाईने हात धुतले, पेपर उचलला आणि लालासाहेबांच्या पाटावर बसली.

"वयनी, तुमी वाचनार?" भाऊसो म्हणाला.

"चौथी पास हाय मी. तुमी कितवी?"

भाऊसोने वेल्डिंगचा चष्मा नीट केला.

"आयका," ती म्हणाली, "आधी छापलंय ते वाचीन. मग माझं मत सांगीन. दोन्हीची भेळ करायची न्हाई. आन पेपराला कुनी हात लावायचा न्हाई. डोळं पुसल्यालं हात हायती तुमचं." चष्मेवाल्यांचे कपही तिने वेगळ्या खिळ्यांना टांगले होते आणि उकळत्या पाण्याशिवाय त्यांना शिवत नव्हती. त्यामुळेच असेल, तिचे डोळे शाबूत राहिले.

त्या दिवसापासून फाट्यावर दरबार भरू लागला. पेपरात यायचं, ही साथ आफ्रिकेतून निघून देशोदेशी फिरत आपल्याकडे आली. धोंडुबाईचं मत: "एवढ्या लांबनं आली, आन आमच्या भाऊसोच्या घरी उतरली. पावणीचं नशीब." पेपरात आलं, नायक-नायिका दोघांचे डोळे आल्याने मुंबईत एका चित्रपटाचं काम थांबलं. बाई म्हणाली, "थांबवलं कशाला? रडायचं शीन तेवढ्यात उरकून घ्यायचं. फुकटचं पानी वाया घालवलं." दुसऱ्या एका नटीने म्हणे तमाशातल्या बाईचं काम नाकारलं, नऊवारी नेसून नाचता येत नाही म्हणून. "नऊवारी नेसून आमी भात लावतो. नाच न्हाई येत म्हन की सरळ." बाकं हसून हलायची. वेशीबाहेरचा तंबू-सिनेमा साथीने बंद पडला होता, पण कुणाला त्याची आठवण होत नव्हती.

गणपती बसले त्याच सुमाराला बातमी आली, की आपल्या क्रिकेटवाल्यांनी इंग्रजाला इंग्रजाच्या घरात हरवलं. सगळ्यांनी चष्म्यासकट टाळ्या पिटल्या. बाईने तीसुद्धा बातमी आधी जशीच्या तशी वाचली, मग म्हणाली, "झ्याक झालं. पर पाच दिस खेळून निकाल? पाच दिसात आमच्याकडं म्हस व्यायती, खरवस खाऊन हुतो."

या सगळ्यात एक अडचण कोंडीबा आबांची. आबांचे डोळे ठणठणीत, कान गेलेले. अक्षराशी मात्र जन्माचं वैर. ते अगदी पुढे बसायचे, तरी प्रत्येक बातमीला "काय म्हनली?" करायचे. बाई कधी चिडली नाही. प्रत्येक बातमी ती आबांसाठी दुसऱ्यांदा वाचायची, पहिल्यापेक्षा मोठ्याने. बाकीच्यांनाही त्याची सवय झाली. पहिलं वाचन समजायला, दुसरं चवीला.

गणपतीतच सांगलीला मैदान होतं. मानसिंगची जोड मिरजेच्या तालमीतल्या हंबीररावशी लागली होती, पत्रकावर नावं छापून आली होती. एकदा पत्रकावर नाव आलं की उतरायचंच. माघार घेतलेल्या पैलवानाची पुढे दहा वर्षं कुणी जोड लावत नाही. फाट्यावर रोज बातम्या संपल्या की हाच विषय. बाईचं मत ठाम होतं: ढाकेच्या डावावर मारणार, आणि दहा मिनिटांच्या आत.

मैदानाच्या तीन दिवस आधी सांगलीहून आलेल्या कंडक्टरने चहा पिता पिता निरोप सांगितला. मानसिंगचे डोळे आले होते. समोरचं धुरकट दिसतंय, उजेड सोसत नाही. वस्ताद म्हणतायत तुझं तू ठरव. आय काय म्हणते?

बाकावरचे सगळे चष्मे बाईकडे वळले. बाईने चहा गाळता गाळता मान वर केली. तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही, आणि तीच तर खरी गंमत. आठ-दहा दिवस ती बोलत होती आणि माणसं माना डोलवत होती. कुणी तिला "चुकलीस" म्हटलं नव्हतं.

"त्याला सांगा," ती म्हणाली, "कुस्ती हातानं खेळत्यात, डोळ्यानं न्हाई. माझा बाप डोळ्याला पट्टी बांधून पोरांकडनं मेहनत करून घ्यायचा. उतर म्हनावं."

"वा वयनी!" भाऊसो म्हणाला. कंडक्टरने कप ठेवला आणि निरोप घेऊन गेला. लालासाहेब तेवढे काही बोलले नाहीत. पाटावरची जागा गेल्यापासून ते कमीच बोलत होते.

मैदान रविवारी झालं. सोमवारी दहाची गाडी आली तेव्हा फाट्यावर पंधरा-वीस चष्मे जमले होते. हलगीवाला आकाराम हलगी शेकून तयार बसला होता. त्या दिवशी पेपर घेऊन गाडीतून कंडक्टरऐवजी लालासाहेबच उतरले. डोळे दाखवायला कराडला गेले होते, येताना पेपर हातात घेऊन आले, एवढंच म्हणाले आणि आपल्या जागी काळा चष्मा लावून बसले.

"हात लावू नगा म्हनलं हुतं न्हवं दादा," बाई म्हणाली, पण रागाने नाही.  कुस्त्यांचं पान तिने पहिल्याच झटक्यात काढलं. वरून तिसरी ओळ.

तिने ती आधी मनात वाचली. आजवर तिने तसं कधी केलं नव्हतं. मग खाकरून, पण एरवीपेक्षा हळू, ती वाचू लागली:

"कडेगावचा मानसिंग यास मिरजेच्या हंबीररावाने सातव्या मिनिटास पट काढून खाली घेतले व घिस्सा डावावर चीत केले."

जवळच्या चार-पाच जणांना ऐकू गेलं. आकारामने हलगी हळूच मांडीवरून खाली घेतली.  तेवढ्यात कोंडीबा आबा हसत हसत पुढे वाकले.

"काय म्हनली? मानसिंगनं कुटल्या डावावर मारला?"

आता एक शब्द पुरे होता. "ढाकेवर" म्हटलं असतं की आबा खूश, मागची बाकंही खूश, हलगी वाजली असती. नाहीतर "बरोबरीत सुटली." तो निकाल तर या फाट्यावर कुणाला नवा नव्हता. समोर पंधरा-वीस काळे चष्मे तिच्याकडे वळलेले, आणि एकाचेही डोळे तिला दिसत नव्हते.

भाऊसो हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वयनी. आबांस्नी मी मागनं सांगतो."

 पोराची हार एकदा वाचताना जीभ जड झाली होती, दुसऱ्यांदा तोंड उघडेना. पण तिला भज्यांचे कागद आठवले. ज्याचं पोरगं हरलं त्याच्या घरची बातमी तिने इतके दिवस खणखणीत वाचली होती, वर चेष्टा केली होती. आपल्या घरची आली की आवाज बसणार असेल, तर त्या लालासाहेबांना हसायचा आपल्याला काय अधिकार?

तिने पेपर चेहऱ्यापुढे धरला आणि वाचलं. इतक्या मोठ्याने, की रस्त्यापलीकडे गाडीची वाट बघणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. "मानसिंग यास" आणि "चीत केले" हे शब्द तर तिने अगदी सुटे सुटे करून वाचले.

आबांचं हसू गेलं. "आरं द्येवा," एवढंच ते म्हणाले.

"ह्ये झालं छापल्यालं," बाई म्हणाली. "आता माझं मत. पोरानं मला इचारलं हुतं, उतरू का नगं. मी म्हनले उतर. हितं चुलीम्होरं बसून म्हनले. जलमात कवा आखाडा बगितला न्हाई, आन डोळं आल्याल्या पोराला सांगितलं, डोळं लागत न्हाईत म्हनून. मत चुकलं. त्याचं न्हाई, माझं चुकलं. ह्येबी सगळ्यांनी नीट आयका, पुन्हा सांगनार न्हाई." मग जरा थांबून, नाक ओढून, "पर घिस्सा बसला त्यो उजवा पाय म्होरं ऱ्हायला म्हनून. ती खोड त्याची ल्हानपनापासनं हाय. ती चूक मी माझ्या नावावर घ्यायची न्हाई."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

लालासाहेबांनी चष्मा काढला. डोळे पांढरेस्वच्छ, लालीचा मागमूस नाही. "चार दिस झालं, डोळं बरं हायती माझं," ते म्हणाले. "कराडपासनं ही बातमी वाचत आलोय. म्हनलं बघू, आज ही बया काय वाचती. खोटं वाचलं आसतंस, तर पेपर हातातनं काढून घ्यायचा, आन पाटावर पुन्हा आपन बसायचं, आसं ठरवून आलो हुतो."

"आन तुमी आसता तर?"

"मी?" लालासाहेब चष्म्याची काडी दुमडत म्हणाले. "मी बरोबरीत सोडली आसती."

"ठावं हाय. भज्याच्या कागदावर वाचत आलीया मी."

आता मात्र सगळेच हसले, लालासाहेब सगळ्यांत मोठ्याने. जाताना त्यांनी पाट पायाने चुलीजवळ सरकवला आणि म्हणाले, "उद्या येळंवर वाचा. मी आता आदी पेपर बगाया कराडला जानार न्हाई, हितंच आयकत बसनार." बाईने मान हलवली. मग ती चुलीकडे तोंड करून बसली, फुंकणीने उगाच जाळ फुंकत राहिली आणि रडली. डोळे आले नव्हते तरी त्या दिवशी ते लालभडक झाले.

दिवस मावळायच्या गाडीने मानसिंग आला. काळा चष्मा, खांद्याला पिशवी, मान खाली. हॉटेलात तेव्हा कुणी नव्हतं. त्याची गाडी यायच्या आधीच सगळे मुद्दाम उठून गेले होते. बाईने वेगळ्या खिळ्यावरचा कप काढला, चहा ओतला आणि पुढे ठेवला.

"उजवा पाय," ती म्हणाली.

"व्हय," मानसिंग म्हणाला.

"उतर म्हनाया नगं हुतं मी."

"तू म्हनली नसतीस तरी उतरलो आसतो, आय. नाव छापलं हुतं." त्याने चहाचा घोट घेतला. "हंबीररावचंबी डोळं आलं सकाळी. तालमीत निरोप आला."

"त्याला पत्र लिव. माफी माग. आन बरा झाला की पुन्हा जोड लाव म्हनावं."

 मानसिंग कप हातात फिरवत राहिला. फाट्यावरून वैरणीची बैलगाडी गेली, गाडीवानाने "राम राम पैलवान" म्हणून हाक दिली, आणि मानसिंगची मान आणखी खाली गेली.

"गावात कळलं का गं समद्यास्नी?"

"कळलं."

"कुनी सांगितलं?"

"मी. पेपरातलं वाचून दावलं."

मानसिंगने चष्मा काढला. सुजलेल्या, पाणी गळणाऱ्या डोळ्यांनी तो आईकडे बघत राहिला. "तू वाचलंस? मोठ्यांदी?"

"व्हय," धोंडुबाईने त्याच्या हातात हळदीचं कोरं फडकं दिलं. "दोनदा. पयल्यांदा कोंडीबा आबांस्नी आयकू आलं न्हवतं."