पुसून ठेवलेलं भांडं

पानगळ सुरू झाली की धाकटी केकचा मसाला करायला घ्यायची. घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. चाळिशी उलटली, केसांत चंदेरी तारा दिसू लागल्या, तरी धाकट्या मुलाची बायको म्हणून पडलेलं नाव काही सुटलं नाही. बाहेर झाडं पिवळी पडायची, खिडक्या बंद व्हायच्या, घराघरांतले ओव्हन तापायला लागायचे, आणि सफरचंदाच्या केकमध्ये घालायचा मसाला तिच्यासारखा कुणाला जमत नाही असं नातेवाइकांत बोललं जायचं.

त्या सकाळीही तिने मंद आचेवर दालचिनीचे तुकडे परतले. लवंगा बेतानं घेतल्या, कारण लवंग जरा जास्त झाली की बाकी सगळ्यांची बोलती बंद करते. वेलदोडे सोलले, सुंठ कुटली. मिक्सरच्या छोट्या भांड्यात सगळं फिरवलं, बारीक चाळणीतून चाळलं, वर जायफळ किसलं आणि पूड ताटात पसरून गार होऊ दिली. मग ती बरणीत भरून, झाकण दोनदा तपासून तिने नवऱ्याच्या हाती दिली. नवरा बस चालवायचा. पाळीवर जाताना वाटेत थोरल्या जावेकडे बरणी पोचवायची होती; केक तिच्याकडे आजच व्हायचा होता.

ती बरणी साधी नव्हती. थोरलीची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणायचे, तिला शेंगदाण्याचा कणही सोसत नसे. दोन वर्षांपूर्वी धाकटीच्याच घरी तिने दुकानातलं एक बिस्किट खाल्लं होतं, आणि रात्र इस्पितळात काढावी लागली होती. बिस्किटात दाणे होते हे पुडक्यावर छापलेलं होतं. धाकटीने वाचलं नव्हतं. तेव्हापासून थोरलीने या घरातला पाण्याचा घोटही मुलीला घेऊ दिला नव्हता. भांडण असं झालं नाही. ताई, कशा आहात, बरी आहे, एवढ्यावर बोलणं आलं. धाकटीने घरातून दाणे हद्दपार केले, दाण्याचं तेलसुद्धा. आणि आता या आठवड्यात थोरलीनेच फोन केला होता.

"सुट्टीला चिमणीच्या मैत्रिणी येणार आहेत. केक काकूच्या मसाल्याचाच हवा म्हणून हटून बसलीये. करशील?"

धाकटीने तो फोन ठेवल्यावर ओट्याशी उभं राहून डोळे पुसले होते.

दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा सासरे स्वयंपाकघरात घुटमळताना दिसले. बाबांनी आयुष्यभर शिवणकाम केलं होतं. हात अजून साफ चालायचे, विसरभोळेपणा मात्र वाढला होता. मध्यंतरी एकदा ते गॅस चालू ठेवून फिरायला निघून गेले होते. तेव्हापासून थोरलीने वृद्धाश्रमाचा विषय काढला होता. आडून नाही, सरळ सर्वांसमोर.

"ते छोटं भांडं कुठं गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"पालथं घातलंय बघा तिथं. कशाला हवंय?"

"काही नाही. जरा काम होतं."

त्यांचा हात खिशावर होता. खिशातून कागद वाजला. धाकटीला हसू आलं. म्हातारपणी माणूस गोड लपवतो, विडी लपवतो, म्हणून ती थट्टेने म्हणाली, "काय घबाड आणलंय, बघू तरी."

बाबा ओशाळले. "दाणे आहेत थोडे. कोपऱ्यावरच्या दुकानातले. चावत नाहीत म्हणून बारीक करतो. रोज नाही खात गं."

तिच्या हातातली घडी तशीच राहिली.

"याआधी कधी केले होते?"

"काल. तू बाजारात गेली होतीस ना, तेव्हा."

"भांडं धुतलं होतं?"

"पुसलं की. कोरड्या फडक्यानं, अगदी चकचकीत. ओलं दिसलं असतं तर तू विचारलं असतंस."

तिने भांडं उचललं. मसाला केल्यावर तिने ते घाईघाईनं विसळलं होतं. आता तिने तळाचं पातं फिरवून काढलं. रबरी रिंगच्या खाली तपकिरी पूड चिकटली होती, आणि तिच्यात मिसळलेला एक फिकट, तेलकट लगदा. तिने तो नाकाशी नेला. आधी लवंग आली. मग लवंगेच्या मागून तो दुसरा वास आला, दाण्यांचा.

तिने थोरलीला फोन लावला, तो वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. नवऱ्याला लावला, पण बस चालवताना तो फोन पेटीत ठेवायचा. दीर कामासाठी परगावी होते. त्यांचा फोन बंद. तिने थोरलीला लिहून पाठवलं: केक कुणाला देऊ नका, मसाल्यात दाणे असू शकतात. संदेश गेला. तो वाचला गेल्याची खूण काही उमटेना.

"मी निघते," असं म्हणत तिने पायांत चपला सरकवल्या.

बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांना आता सगळं उमगलं होतं, आणि चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "पोरी, माझं नाव सांगू नकोस. दाणे तूच दळले होतेस म्हण. तिला निमित्तच हवंय. मला तिथं पाठवतील."

"बाबा, बाजूला व्हा."

"एवढंच ऐक माझं."

"आधी मला पोचू तरी द्या," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्याला धरून तिने त्यांना हळूच बाजूला केलं.

टॅक्सी मिळाली. पुलाच्या अलीकडे रस्ता खणलेला, गाड्या एकीला एक चिकटून उभ्या. ड्रायव्हर निवांतपणे काच खाली करून बाहेर बघू लागला. धाकटी मांडीवर फोन धरून एकच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. तिला थोरलीची सवय माहीत होती: ओव्हनपाशी असली की फोन दुसऱ्या खोलीत, आवाज बंद. डोक्यात नाही नाही ते येत होतं. कदाचित काहीच नसेल. चाळणीत अडकलं असेल, एवढ्याशा मसाल्यात असून असून किती असणार. आणि काही नसेल तर? मुलींच्या घोळक्यात जाऊन आपण स्वतःच्या तोंडाने बोंब मारायची, पुन्हा दोन वर्षं नाही, जन्मभराची दारं बंद करून घ्यायची. क्षणभर, अगदी क्षणभरच, तिच्या मनात आलं की परत फिरावं. त्या विचाराची तिला इतकी शिसारी आली की तिने ड्रायव्हरच्या हातावर नोट ठेवली आणि दार उघडून ती पळत सुटली.

पदपथावर ओली पानं पडलेली, पाय घसरत होते. लोक वळून बघत होते. एका वळणावर चपलेचा पट्टा तुटला तशी तिने ती चप्पल हातात घेतली. थोरलीच्या इमारतीत लिफ्ट वरच्या कुठल्यातरी मजल्यावर अडकून होती. ती जिन्याने निघाली. शेवटचा जिना चढतानाच तिला वास आला. तिच्याच मसाल्याचा, भाजलेल्या सफरचंदाचा, लोण्याचा. आतून मुलींचं खिदळणं ऐकू येत होतं.

थोरलीने दार उघडलं. हातात ओव्हनचे जाड मोजे, चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी दिसलेलं हसू. "अगं, तू? बरं झालं आलीस. केक आत्ताच काढलाय, कापायचाच..." मग तिची नजर हातातल्या चपलेवर गेली.

"खाल्ला का तिने?" धाकटीला धाप लागली होती. "ताई, चिमणीने खाल्ला का?"

"नाही अजून. गरम आहे. का गं?"

"मसाल्यात दाणे असतील. भांड्याला लागले होते. मला आत्ता कळलं."

थोरलीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. तिने मोजे काढले नाहीत, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "भांडं चाटलं तिने. मिश्रणाचं. मघाशी."

दोघी एकदमच आत धावल्या.

चिमणी जाजमावर मैत्रिणींमध्ये बसली होती, पत्ते हातात. ती मान खाजवत होती. गाल लाल झाले होते, आणि कानामागून गळ्यापर्यंत उंचवटे उठलेले. "आई, घशात काहीतरी होतंय," ती म्हणाली आणि खोकली. आवाज घोगरा येत होता.

"इंजेक्शन कुठे आहे?" धाकटीने विचारलं.

थोरली कपाटाकडे वळली. तिने कपाटाकडे हात केला. धाकटीने वरच्या खणातून अशा वेळेसाठी ठेवलेलं पेनासारखं इंजेक्शन काढलं, थोरलीच्या हातातले मोजे ओढून काढले आणि पेन तिच्या मुठीत दिलं. "तुम्ही द्या. तुम्हाला शिकवलंय. मी पाय धरते."

चिमणीला त्यांनी जाजमावर आडवं केलं. धाकटीने तिचा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. थोरली पेन धरून धाकटीकडेच बघत राहिली. "ताई," धाकटी हळू म्हणाली, "माझ्याकडे नका बघू. तिच्या पायाकडे बघा." खट् असा आवाज आला. चिमणी रडली. ते रडणं, तो मोकळा सूर ऐकून धाकटीने गुडघा सोडला. तिने रुग्णवाहिकेला फोन लावला, पत्ता सांगितला, मुलींना शेजारच्या बाईंकडे पाठवलं. कुणीतरी केक झाकून ठेवू का विचारलं. "हात लावू नका त्याला," ती म्हणाली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की औषध वेळेवर मिळालं. तरी संध्याकाळभर इथेच ठेवू, लक्ष ठेवायला हवं. चिमणी नळ्या लावून झोपली. मग थोरली बाहेर आली आणि बाकावर बसली, धाकटीपासून एक जागा सोडून.

समोरच्या भिंतीकडे बघत तिने विचारलं,

"तुझ्या घरात दाणे आले कुठून?"

हा प्रश्न येणार हे धाकटीला टॅक्सीत बसल्यापासून ठाऊक होतं. खरं आणि खोटं, उत्तरं दोन्ही तयार होती. पण तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं. "भांडं माझं आहे, ताई. मी वापरायच्या आधी धुतलं नाही. स्वच्छ दिसत होतं म्हणून घेतलं."

"मी ते विचारलं नाही."

"हो. माहीत आहे."

थोरली तिच्याकडे वळली. डोळे कोरडे होते, आणि त्यात राग होता, चांगला जळता राग. "बिस्किटाच्या वेळीही, पुडकं वाचलं होतंस का विचारलं तेव्हा, तू अशीच गप्प बसली होतीस. तुला वाटतं गप्प राहिलं की माणसं वाचतात?"

धाकटी काही बोलणार तोच लिफ्टचं दार उघडलं. तिचा नवरा बाहेर आला, कामाच्या गणवेशातच, आणि त्याच्या दंडाला धरून बाबा. घरातल्याच सपाता, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. मुलगा पाळी संपवून, धाकटीचा इस्पितळातून आलेला संदेश वाचून घरी आला तेव्हा ते जिन्यात बसलेले सापडले होते.

बाबा थोरलीसमोर उभे राहिले. बसले नाहीत.

"दाणे माझे होते," ते म्हणाले. "चोरून आणले. भांडं धुतलं नाही. हिला काही ठाऊक नव्हतं, आणि निघताना मीच हिला खोटं बोल म्हणालो. आता मला कुठं पाठवायचं ते ठरवा. पोरगी कशी आहे, तेवढं सांगा."

थोरली उठली. तिने त्यांचं बटण सोडून नीट लावलं, एक, मग दुसरं. "झोपलीये," ती म्हणाली. "बसा. उभे राहू नका."

आश्रमाचं पुढे काय, ते त्या दिवशी निघालं नाही. चिमणी रात्री घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणींना फोन करून सगळा प्रकार रंगवून सांगितला. थोरलीने मात्र आठवडाभर फोन केला नाही, आणि धाकटीनेही केला नाही. तिने मिक्सरचं ते भांडं टाकून दिलं. बाबा आपणहून दर वेळी बाहेरून आले की खिसे उलटे करून दाखवू लागले. तिला ते बघवेना, तिने ते बंद करायला लावलं. केळी, खजूर, मऊ असं काहीबाही त्यांच्यासाठी डब्यात ठेवू लागली.

मग एका सकाळी फोन वाजला.

"तुझ्या घरातलं काही आता माझ्या घरात येणार नाही," थोरली म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही.

"बरोबर आहे, ताई."

"तू बाबांचं नाव सांगितलं असतंस का? खरं सांग."

धाकटीने विचार केला. खिडकीबाहेर बाबा कुणाशीतरी गप्पा मारत उभे होते. "माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

मग थोरली म्हणाली, "त्या दिवशी तू आली नसतीस तर मी केक कापला असता. तिचे गाल ओव्हनच्या धगीनं लाल झालेत असं मला वाटत होतं."

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नवा खलबत्ता आणलाय," थोरली म्हणाली. "दालचिनी, लवंग, सगळं समोर मांडलंय. माझ्या हातानं, माझ्या घरात. पण प्रमाण येत नाही मला. तू सांग, मी कुटते."

"आधी दालचिनी घ्या," धाकटी म्हणाली. "परता जरा. वास सुटला की लगेच उतरवा, जळू देऊ नका."

"किती वेळ?"

"फोन चालू ठेवा. रंग बदलला की सांगा मला."

तव्यावर काहीतरी हलल्याचा खरखर आवाज आला. धाकटी खुर्ची ओढून बसली आणि ऐकत राहिली.