व्हर्नाची जागा

ऑगस्टमधल्या त्या सकाळी ड्यूई मामा नेहमीसारखा मागच्या दाराने आत आला आणि स्वतःच कॉफी ओतून घेऊन टेबलाशी बसला. तुरुंगातली रात्रपाळी संपली की घरी जाताना बहिणीच्या स्वयंपाकघरात थांबायचं, ही त्याची कित्येक वर्षांची सवय. बहीण व्हर्ना जूनमध्ये गेली, सवय राहिली. तिच्या थोरल्या मुलीने, नोरीनने, त्याच्यापुढे अंडी आणि मक्याचा पाव ठेवला. धाकटी डेलिया समोर बसून पावाला जॅम लावत होती.

"आज कॉलेजात नाव घालायचंय ना?" मामाने तिला विचारलं. "स्ट्राउड कॅप्टनशी बोललोय मी. व्हर्नाची पोरगी म्हटल्यावर पुढच्या बाकावर बसवतो म्हणाला."

डेलिया पाव दिसेनासा होईपर्यंत जॅम लावत राहिली. मग म्हणाली, तिला रसायनशास्त्र घ्यायचंय.

मामा हसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं नोरीनला वाटलं.

"घे की. नको कोण म्हणतंय? आधी नोकरीला लाग, मग हवं तेवढं रसायन शीक. ओढ्याचं पाणी नारिंगी का, ते शोधायचंय ना तुला? मी सांगतो. खाणीमुळे. झालं शिक्षण."

डेलियालाही हसू आलं. मामाचं हेच अवघड होतं. तो वाईट माणूस नव्हता.

कॉल्डर गॅपमध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा नोरीन शाळेत होती. मग सरकारने डोंगराचा माथा सपाट करून त्यावर तुरुंग बांधला आणि गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्यात दोन वर्षांचं कॉलेज निघालं. तिथे पहिल्या सत्रात चार विषयांपैकी एक निवडायचा असे: रसायनशास्त्र, संगणक, व्यापार आणि फौजदारी न्याय. संगणकाच्या वर्गात बंद यंत्रांवर प्लास्टिकची आच्छादनं असत. व्यापार शिकवणारे गृहस्थ तीनशे मैलांवरून पडद्यावर दिसत आणि अधूनमधून तोंड उघडं ठेवून गोठून जात. रसायनशास्त्राला पहिल्या शुक्रवारपर्यंत दहा विद्यार्थी मिळाले नाहीत की वर्ग बंद होई, आणि दोन वर्षं तो बंदच होता. स्ट्राउड कॅप्टनच्या फौजदारी न्यायाच्या वर्गात मात्र खुर्च्या कमी पडत, कारण तो केल्याशिवाय तुरुंगात घेत नसत.

आणि तुरुंगाची एक रीत होती. पहारेकरी गेला की त्याची जागा वर्षभर त्याच्या घरासाठी राखून ठेवायची. असा नियम कुठे नव्हता. नियम असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. तो जिव्हाळा होता. व्हर्नाच्या दफनाला तुरुंगाचे मुख्य अधिकारी स्वतः आले. घडी घातलेला झेंडा नोरीनच्या हातात देऊन ते म्हणाले, तुमच्या आईची जागा तुमच्या घराची आहे. बायकांनी डोळे पुसले. नंतर चर्चच्या तळघरात घेवड्याच्या शेंगा आणि केळ्याचं पुडिंग वाढताना जो तो डेलियाकडे बघून म्हणत होता, देवाने एक दार लावलं तरी या लोकांनी दुसरं उघडं ठेवलं बघ. नोरीनला तेवढी कृतज्ञता वाटत नव्हती. आपलं दुःखच आपल्याला कोतं करतंय, असं ती समजली.

जुलैमध्ये लोइस तिला भेटायला कॉलेजच्या ग्रंथालयात आली. नोरीन तिथे कामाला होती. लोइस तुरुंगाच्या नियंत्रण कक्षात बसते. तिने एक पाककृतींचं पुस्तक उघडलं, ते उलटं धरलं आणि त्यात बघतच सांगितलं. व्हर्ना गेली त्या दिवशी माणसं कमी म्हणून तिला सलग दुसरी पाळी करायला लावली होती. मागच्या फाटकावर ती एकटी होती. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला पहिला धडा. छातीत दुखतंय, माणूस पाठवा, असं तिने रेडिओवरून तीनदा कळवलं.

"तिन्ही वेळा मी म्हटलं, थोडं थांब," लोइस म्हणाली. "माझ्याकडे पाठवायला कुणी नव्हतंच गं. चौथ्यांदा ती बोललीच नाही."

नोरीनने हे कुणालाही सांगितलं नाही. डेलियाला तर नाहीच. पोरगी रात्री दिवा लावून झोपत होती. नोरीनला वाटलं, न सांगताही बहिणीला वाचवता येईल. रसायनशास्त्राला दहा नावं मिळवली की झालं.

म्हणून ती घरोघरी गेली. लोकांनी तिला बसवलं, गोड थंड चहा दिला, आईची आठवण काढली. रसायनशास्त्र घेतलं की पुढे परिचारिका होता येतं, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम मिळतं, हे सगळ्यांनी माना डोलावून ऐकलं. एक बाई म्हणाली, कल्पना फार चांगली आहे, माझ्या बहिणीच्या मुलांना सांगा. बहीण म्हणाली, आमचा अडकलाय हो कॅप्टनच्या वर्गात, तुम्ही तिच्या मुलांना विचारा. कुणी तिला नाही म्हटलं नाही. नाव घालायलाही कुणी गेलं नाही. सत्र उघडायच्या आदल्या दिवशी सहा नावं झाली होती. त्यांत डेलियाचं नव्हतं; तिने कॅप्टनच्या वर्गात नाव घातलं होतं. चर्चमधल्या बायका, मावशी, मामा, सगळ्यांनी इतक्या मायेने तिला समजावलं होतं की तिला नाही म्हणायला जागाच उरली नाही. ती नोरीनला एवढंच म्हणाली, "सगळे एवढं करतायत आपल्यासाठी. बरं दिसत नाही."

फौजदारी न्यायाच्या पहिल्या संध्याकाळी घरची माणसं वर्गात येतात. आई-बाप, काका, आजोबा गणवेश घालून मागच्या बाजूला उभे राहतात आणि शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याशी हात मिळवतात. गावात याला लग्नाइतकं महत्त्व. नोरीन मामाच्या शेजारी उभी राहिली. समोर डेलियाची पाठ दिसत होती. केस आईसारखेच घट्ट बांधलेले. कॉरिडॉरच्या पलीकडे रसायनशास्त्राची खोली उघडी होती आणि मिसेस प्रुइट सहा जणांपुढे काचेची भांडी मांडत होत्या.

स्ट्राउड कॅप्टन निवृत्त झाला तरी बुटांना पॉलिश होतं. त्याने आधी दोन विनोद केले, मग आवाज खाली आणला. कर्तव्य म्हणजे काय, ते पुस्तकात शोधू नका, म्हणाला. व्हर्ना कूम्सकडे बघा. त्रास होत असताना ती बाई फाटकावर उभी राहिली. एका शब्दाने तक्रार केली नाही. जागा सोडली नाही.

मागे कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्या खोलीने ती उचलली. डेलियाही वाजवत होती. नोरीनने बहिणीचे हात वर-खाली होताना पाहिले आणि तोंड उघडलं.

"तिने तक्रार केली होती," ती म्हणाली. आवाज ग्रंथालयातलाच, हळू. टाळ्या थांबल्या. "तीनदा माणूस मागितला. तिन्ही वेळा थोडं थांब म्हणाले. तिला जागा सोडायची होती, कॅप्टन. सोडू दिली नाही."

"नोरीन, बस कर," मामा म्हणाला.

"तुला माहीत होतं, मामा?"

मामा आपल्या टोपीकडे बघत राहिला. खोलीत गणवेश घातलेली वीस-पंचवीस माणसं होती, आणि त्यांच्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

डेलिया उठली. खुर्ची सरकल्याचा आवाज फार मोठा वाटला. ती बहिणीकडे आली. "मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं, आणि उत्तराला न थांबता ती बाहेर गेली, कॉरिडॉर ओलांडून समोरच्या खोलीत. मिसेस प्रुइटनी काही न विचारता तिला प्रयोगाच्या वेळी लावायचा एक चष्मा दिला.

सात झाले. दहा लागत होते, आणि शुक्रवारी तो वर्ग बंद होणार होता. नोरीन थोडा वेळ दारात थांबली. कुणी डेलियाच्या मागे आलं नाही. कॅप्टनने घसा साफ केला आणि पहिला धडा सुरू केला.

मामाने तिला गाडीपाशी गाठलं. तो भांडेल असं तिला वाटलं होतं, पण तो थकलेला दिसत होता.

"आता जागा आपल्या घरातून गेली," तो म्हणाला. "इतक्या वर्षांची."

"जाऊ दे."

"असं म्हणून रिकामी राहते काय ती? दुसऱ्या घरात जाईल. टॅकेटच्या रोझेलला विचारायचं आत ठरलंय. बापाची पाठ कामातून गेलीय, पोरगी नाही म्हणायची नाही."

आपल्या बहिणीला बाहेर काढलं की झालं, असंच नोरीन महिनाभर धरून चालली होती. त्या फाटकावर कुणीतरी उभं राहणारच आहे, याचा तिने विचारच केला नव्हता. तिने किल्ली खिशातून काढली आणि पुन्हा खिशात टाकली.

"तुरुंगाचा माणूस त्यांच्याकडे कधी जाणार?" तिने विचारलं.

"उद्या दुपारी. का गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नोरीन ग्रंथालयात गेली नाही. टॅकेटांचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. रोझेलच्या आईने दार उघडलं, तेव्हा तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. नोरीनला पाहून ती सांत्वनाचं काहीतरी बोलू लागली.

"आज तुमच्याकडे तुरुंगाचा माणूस येईल," नोरीन म्हणाली. "माझ्या आईची जागा तुमच्या मुलीला द्यायला. ती जागा रिकामी कशी झाली, ते तो सांगणार नाही. मी सांगायला आलेय."

बाईने दार पुरतं उघडलं नाही, लावूनही घेतलं नाही. नोरीन तिथेच पायरीवर उभी राहून सांगू लागली.