काठ राहिलेली टोपली

फागच्या झाडाच्या बिया पडू लागल्या, की शहरातून माझी नात वांग्री सुट्टीला येते. जावई आणून सोडतो. लेक, काफेय, येत नाही. आईला पुरल्यावर जी गेली, ती परत या गावात आलीच नाही. दर वर्षी मी जावयाच्या मागे कोणी उतरतंय का ते बघतो.

यंदा वांग्री म्हणाली, "आजा, मला टोपली शिकव."

मी बांबूच्या पट्ट्या काढून, रंगवून दिल्या. आमच्यात टोपलीवर विणायची कुळाची खूण बापाकडून येते. मी काइरू कुळाचा, गोल खुणेचा. म्हणून काफेयही गोल. वांग्रीचा बाप कामॅ कुळाचा, तेव्हा तिची खूण लांब रेघ. मी रेघ कशी उठवायची ते दाखवलं आणि राखेत बिया भाजायला बसलो.

थोड्या वेळाने बघतो, तर टोपलीवर सगळी गोल नक्षी.

"अगं बये, ही तुझी खूण नव्हे! तुझा बाप म्हणेल, सासऱ्याने पोर पळवली."

"पण घरच्या टोपलीवर अशीच आहे की."

"कुठल्या टोपलीवर?"

"आईच्या. फाटलीय एका बाजूने. आई तिच्यात कांदे ठेवते. बाबा म्हणाले टाकून दे, तर त्यांच्याशी बोलेचना."

ती टोपली काफेयने एवढीशी असताना माझ्याजवळ बसून विणलेली. मला वाटलं होतं, तिने सगळंच मागे टाकलं.

"आजा, बिया करपल्या!"

वांग्री नक्षी उसवायला लागली. मी तिचा हात धरला. "राहू दे. ही तुझ्या आईची. तुझी दुसरी करू, रेघांची."

निघायच्या दिवशी दोन्ही टोपल्या तयार होत्या. गोल नक्षीच्या टोपलीचा काठ तेवढा मी बांधला नाही. पट्ट्यांची टोकं तशीच वर ठेवून तिच्यात बिया भरल्या.

"काठ राहिला की!"

"आईला सांग, आजाच्या बोटांत जोर नाही उरला. काठ तिनेच येऊन बांधावा."

"खोटं! काल माझ्या टोपलीचा काठ कोणी आवळला?"

"सांगितलं तेवढं सांग."

ती गाडीत चढली, मग खिडकीतून डोकं काढून हळूच म्हणाली, "काठाला इथलाच ओला बांबू लागतो, असंही सांगू?"

"सांग."

काठाच्या पट्ट्या मी ओढ्यात भिजत घातल्यात. सुकल्या की मोडतात. म्हणून रोज जाऊन बघून येतो.