चांगल्या बातमीचं दुकान

आधीच सांगून ठेवतो, हे कुणी खरं मानणार नाही. मानूही नये. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही मानलं नसतं. पण त्या घोड्यावर मी स्वतः बसलो होतो, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

परवा माझा भाचा उलुकमान आला. आमच्यात म्हण आहे, भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. लांडगे फक्त मेंढ्या नेतात. भाचा मामाच्या घरातलं डोळ्यांत भरेल ते नेतो, आणि वर तो त्याचा हक्क असतो. म्हणून मी भिंतीवरच्या खोगिराला पाठ लावूनच बसलो. पण या खेपेला त्याला खोगीर नको होतं, सल्ला हवा होता. रस्त्याच्या कडेला घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं किमीझ विकायला बसावं असं त्याच्या मनात होतं, आणि त्यासाठी तो शहरात जाऊन धंदा शिकवणाऱ्या वर्गाला बसून आला होता. तिथल्या मास्तरांनी म्हणे पहिल्याच दिवशी सांगितलं, आपलं गिऱ्हाईक कोण ते आधी ओळखा.

"त्यात काय ओळखायचं?" मी म्हटलं. "फाटकात उभा असतो तो गिऱ्हाईक. ऐक, मी तुला धंदा सांगतो."

पलीकडे माझी बायको बेर्मेत शेवयांसाठी पीठ लाटून कापत होती. तिची सुरी फळीवर टकटक चालली होती. ती सुरी चालू असेपर्यंत मला कशाची भीती नसते.

सामुदायिक शेत मोडलं त्या सालची गोष्ट. पगार म्हणून कधी साखर मिळायची, कधी रबरी बूट, आणि बूट मिळाले की दोन्ही डाव्या पायाचे. टेलिफोनच्या तारा तांब्यासाठी कुणीतरी कापून नेलेल्या, खांब नुसते उभे, देणेकऱ्यासारखे गप्प. सरकारनं सांगितलं, आता ज्यानं त्यानं आपापला धंदा करावा. झालं, अख्खा गाव सूर्यफुलाच्या बिया विकायला बसला. विकणारे इतके झाले की विकत घ्यायला माणूस उरेना. संध्याकाळी शेजारी शेजाऱ्याकडून बिया घ्यायचा, शेजारी याच्याकडून घ्यायचा, आणि दोघंही म्हणायचे, आज धंदा बरा झाला.

माझ्याकडे बियासुद्धा नव्हत्या. एक शेपूटतुटका घोडा होता, चोलोक नावाचा, आणि एक तोंड होतं. तेवढ्यावर मी दुकान काढलं.

आता आमच्यात चांगली बातमी जो सगळ्यांत आधी आणतो त्याला रिकाम्या हातानं कुणी परत पाठवत नाही. तो दारातच ओरडतो, "सुयुंचू!" घरधनी म्हणतो, घे, काय हवं ते माग. मग बातमी. त्या मोबदल्यालाही सुयुंचूच म्हणतात. हे माझ्या पणजोबांपासून चालत आलेलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. पण हा धंदा आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही. बातमी पिकायची खिंडीपलीकडे, तालुक्याच्या गावी. इस्पितळ तिथं, बस तिथं, शाळेच्या परीक्षांचे निकाल तिथं, फौजेतून सुटलेली पोरं उतरायची तिथं. आणि गिऱ्हाइकं सगळी खिंडीअलीकडे. मधे टेलिफोन मुका. मी आणि चोलोक त्या मधल्या जागेत जाऊन बसलो.

उलुकमाननं विचारलं की मामा, तुम्हाला एवढी धंद्याची घाई का सुटली होती? प्रश्न बरोबर होता. मी सुरीकडे एक कान ठेवून उत्तर दिलं.

घाई बेर्मेतची होती. म्हणजे बेर्मेतला नव्हती, मला होती. मी तिशी ओलांडलेला, आणि ती शाम्बेतची मुलगी. शाम्बेत म्हणजे सामुदायिक शेताचा जुना कोठीवाला. जन्मभर कुलपाच्या आतल्या बाजूला काढलेला माणूस. मी रिवाजाप्रमाणे आमच्या थोरल्या चुलत्यांना मागणी घालायला पाठवलं. शाम्बेतनं त्यांना चहा दिला, रोटी दिली आणि निरोप दिला. ज्याचा धंदा पायावर उभा नाही त्याला मी मुलगी देत नाही. मेंढ्या कुरणावरून खाली उतरेपर्यंत मुदत. आणि तुमच्या पोराची ती बातमीची दुकानदारी खरी असेल, तर त्यानं माझ्याकडून एक सुयुंचू घेऊन दाखवावी. नाही जमलं तर नदीपलीकडे एक ट्रॅक्टरवाला विचारतोच आहे.

चुलते घरी येऊन माझ्याकडे, मयत झालेल्या माणसाकडे बघावं तसे बघत बसले. कारण शाम्बेतनं आजवर कुणाला सुयुंचू दिलेली नव्हती. त्याला नातू झाला तेव्हा शेजारी धावत गेला, फाटकात उभा राहून घसा फाटेस्तोवर ओरडला. शाम्बेतनं आभाळाकडे पाहिलं, दाढीवरून हात फिरवला, गोड हसला, म्हणाला, "दुपारनंतर ढग येतील असं दिसतंय," आणि आत निघून गेला. एवढा मुरलेला कंजूष या खोऱ्यात झाला नाही. सुयुंचू ओरडणाऱ्याकडे बघून तो फक्त हसायचा.

असो. आधी धंदा सांगतो, शाम्बेत मागून येईल.

सुरुवातीला मी माल पुरवणाऱ्यांना धरलं. इस्पितळातली दाई, बसचा ड्रायव्हर, शाळेतली स्वयंपाकीण. लोक गिऱ्हाइकाला जपतात आणि माल देणाऱ्याला विसरतात. मी उलट केलं. दर खेपेला त्यांच्यासाठी वाळवलेल्या दह्याचे गोळे भरून पिशवी न्यायचो. त्यामुळे मूल रडलं की आईच्या आधी मला कळायचं. भाव मी कधी सांगितला नाही. भाव आपण बोललो की तो खाली येतो. गिऱ्हाईक आनंदात बोललं की आपोआप वर जातो. आणि बातमी आधी, मोबदला मागून, असं एकदाही नाही. आनंद ताज्या रोटीसारखा असतो, तासाभरानं तोच माणूस तोच तुकडा दातांनी तोडत बसतो.

चोलोकविषयी काय सांगू. उताराला लागला की माझी सावली मागे राहायची. गावात पोचल्यावर मी चहा घेऊन बसायचो, आणि थोड्या वेळानं ती धापा टाकत फाटकातून आत यायची. एकदा तर दाईनं "आता होतंय" म्हटल्याबरोबर मी टाच मारली आणि इकडे बापाला सांगून मोकळा झालो, मुलगा. त्यानं टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. नंतर कळलं, तिकडे बाळ अजून यायचंच होतं. मी बातमीच्या आधी पोचलो होतो. आम्ही दोघं तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलो.

"मग झाला का मुलगा?" उलुकमाननं विचारलं.

"न होऊन सांगतो कुणाला? टोपी मी घातलेली होती."

सुरी क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू लागली. मी आवाज थोडा खाली आणला.

धंदा वाढला. वाढला की माणसाला वाटतं, आपण एकटे पुरत नाही. मी दोन चुलतभावांना घोडे देऊन लावलं. आठवड्याभरात त्यांतल्या एकानं एका गावातल्या आसान नावाच्या माणसाची बातमी दुसऱ्याच आसानच्या घरी नेऊन टाकली. ज्याची सून बाळंत झालीच नव्हती त्या म्हाताऱ्यानं आनंदात कोकरू दिलं, शेजारपाजाऱ्यांना बोलावलं, आणि मग सून स्वतः दूध काढून बादली घेऊन आत आली. ते कोकरू परत द्यावं लागलं, वर माझ्या घरचं एक. तेव्हापासून सांगतो, धंदा वाढवायचा तर आपल्यासारखा दुसरा माणूस शोधावा. आणि तो खरंच आपल्यासारखा निघाला तर त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नये.

उलुकमान हे लिहून घ्यायला लागला होता. मला बरं वाटलं. वर्गात असलं काही सांगत नाहीत.

मग शरद आला. गवत पिवळं पडलं आणि माझं दुकान रिकामं झालं. बाळंतपणं संपली, निकाल संपले, फौजेतली पोरं येऊन शेजारच्या पोरींशी भांडायलाही लागली. तालुक्याला खेप मारायची आणि दाईनं मान हलवायची. तिकडे मेंढ्या वरच्या कुरणावरून निघाल्याची खबर आली, तीसुद्धा दुसऱ्याच कुणीतरी आणली. मुदत संपत आलेली, हातात माल नाही, आणि गिऱ्हाईक शाम्बेत.

माझ्या जागी दुसरा असता तर खोटी बातमी घेऊन गेला असता. मी तसला माणूस नाही.

सुरी थांबली नाही, पण जरा जोरात पडली.

मी काहीच घेऊन गेलो नाही. हीच तर युक्ती. म्हणतात ना, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि गप्प बसणाऱ्याचे गहू पडून राहतात. मी ते उलटं करून पाहिलं. सकाळी शाम्बेतच्या फाटकात जाऊन उभा राहिलो. तो मेंढ्यांचं आवार झाडत होता. त्यानं वर पाहिलं तशी मी टोपी काढली, "सुयुंचू" म्हटलं, आणि तोंड उघडं ठेवलं, जणू बातमी जिभेच्या टोकावर आहे. तो आभाळाकडे बघून हसला. मी तोंड मिटलं, टोपी घातली आणि घोडा वळवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. झाकलेल्या टोपलीत काय आहे हे माणसाला उघड्या टोपलीपेक्षा जास्त छळतं. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे शाम्बेतचा हरवलेला भाऊ सापडला. कुणी म्हणे सरकार कोठीवाल्यांना घोडे वाटणार आहे. बायका माझ्या आईकडे मीठ मागायच्या निमित्तानं येऊन बसायच्या. एकानं तर मला कोकरू देऊ केलं, मला नुसतं ऐकव, शाम्बेतला सांगणार नाही म्हणाला. मी घेतलं नाही. दुसऱ्याचा माल तिसऱ्याला विकू नये; त्यातून माल नसेल तर मुळीच विकू नये. पण मनातून मी घाबरलो होतो. शाम्बेत उद्या खरंच "माग" म्हणाला तर मी सांगणार काय?

मेंढ्यांची धूळ खिंडीत दिसायला लागली त्या सकाळी मी शेवटचा गेलो. शाम्बेतचे डोळे लाल झालेले. रात्रभर झोपला नव्हता, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी टोपी काढली, सुयुंचू म्हटलं, तोंड उघडलं. आणि त्या माणसानं, ज्यानं नातवासाठी बटणसुद्धा दिलं नव्हतं, हातातला खराटा खाली टाकला. म्हणाला, घे बाबा, काय हवं ते माग, पण बोल एकदाचा.

मी म्हटलं, "तुमची मुलगी."

म्हणाला, दिली. बातमी सांग.

मी म्हटलं, "बातमी हीच. तुमच्या मुलीचं लग्न ठरलं."

कसा वाटला धंदा? मोबदलाही तोच आणि मालही तोच. रिकाम्या दुकानातून मी या खोऱ्यातला सगळ्यांत मोठा सौदा केला. शाम्बेत तिथल्या तिथं इतका खूश झाला की माझी गळाभेट घेऊन...

सुरी थांबली होती. किती वेळ झाला होता कोण जाणे. बेर्मेत हातांना पीठ लागलेलं तशीच येऊन उलुकमानशेजारी टेकली.

"लिहिलंस का सगळं?" तिनं त्याला विचारलं. "आता खोड. माझ्या वडिलांना ऐकू येत नव्हतं."

उलुकमान माझ्याकडे बघायला लागला. मी चहाच्या वाटीकडे बघत होतो.

"मळणीयंत्राशेजारी उभं राहून दोन्ही कान गेले होते त्यांचे," ती म्हणाली. "कोठीचं काम जाईल म्हणून बाहेर कधी बोलले नाहीत. समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचे. नाहीच कळलं तर हसायचे आणि आभाळाबद्दल काहीतरी बोलायचे. लोक म्हणायचे कंजूष. त्यांना ते बहिऱ्यापेक्षा बरं वाटायचं. आणि तुझ्या मामाच्या मिशा तेव्हा अशा की ओठ आहेत की नाहीत याचीच शंका. रोज हा येऊन फाटकात तोंड उघडून उभा राहायचा, तेव्हा बाबा मला विचारायचे, याचे दात दुखतात का?"

"पण मामी, ते डोळे लाल झालेले?"

"गाय व्यायली होती, रात्रभर गोठ्यात होते. झोप माझी उडाली होती. मी रोज दाराआड उभी. काय बातमी आहे, काय बातमी आहे करत. तुझ्या त्या मास्तरांचं बरोबर आहे बघ. याचं गिऱ्हाईक फाटकात नव्हतंच कधी, दाराआड होतं. शेवटी मीच बाबांसमोर जाऊन सावकाश ओठ हलवून सांगितलं, दात दुखत नाहीत याचे, चुलते विचारून गेले तेच, हा मला मागतोय. ते म्हणाले, जा बाई त्याच्याबरोबर, मेंढ्या आल्या आहेत, फाटक तरी मोकळं होईल. मग मी धावत बाहेर आले. सुयुंचू मी ओरडले होते, यानं नाही. हा म्हणाला, घे, काय हवं ते माग."

"आणि तुम्ही काय मागितलं?"

बेर्मेतनं हातांचं पीठ झटकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"एक दिवस खोटं न बोलता काढून दाखव म्हटलं. अजून वाट बघतेय."